सोनेरी अक्षरातली तुम्मला हैमवती

हैमवतीने काळ्या रेक्झिनचं कव्हर हातात घेतलं, त्यावरची सोनेरी अक्षरं वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्मला हैमवती. आता ही कोण बाई?

स्पॅनिशच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचं नाव पसुपुलेटी हैमवती. पहिलीत नाव घातलं तेव्हापासून हेच. आमच्या हैदराबादेत घराचं नाव आधी आणि माणसाचं मागून. बाईचं लग्न झालं की ते माहेरच्या घराचं नाव गुपचूप गळून पडतं आणि त्याजागी सासरचं येऊन बसतं. कुणाला त्याचं काही वाटत नाही. हैमवतीला वाटलं. इतकं वाटलं की पदवीचा प्रकल्पच तिने त्यावर घेतला. स्पेनमधल्या, चिलीमधल्या बायका बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं मरेपर्यंत बाळगतात. लग्न होवो न होवो, नाव हलत नाही. मग आमच्या बायकांचं का हलतं? एवढाच प्रश्न. त्यासाठी तिने वर्षभर जीव काढला. चिलीतल्या एका निवृत्त नर्सबाईशी फोनवर स्पॅनिशमधून गप्पा मारल्या, आणि इकडे वारासिगुड्याच्या आमच्या गल्लीत घरोघर जाऊन बायकांना माहेरच्या घराचं नाव विचारलं. बायका आधी फिदीफिदी हसल्या. तव्यावर मुगाचा पेसरट्टू उलटता उलटता एकजण स्वतःच्या आईच्या माहेरचं नाव आठवायला लागली, तिला ते काही केल्या आठवेना, आणि पेसरट्टू करपला तरी ती तशीच उभी राहिली. हे सगळं हैमवतीने स्पॅनिशमध्ये लिहून काढलं. प्रकल्पाच्या मॅडम काय ते शब्द सुधारून देणार होत्या, पण त्यांनी तेही नीट केलं नाही, तिनेच तीनदा लिहिलं.

मध्येच माघात तिचं लग्न झालं. नवरा फणींद्र, चांगला मुलगा. चांगला म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासरे तुम्मला रत्नय्या यांचं विद्यापीठासमोरच बायंडिंगचं दुकान. प्रकल्प बांधायची वेळ आली तेव्हा घरात दुकान असताना बाहेर कशाला जायचं, असं सगळेच म्हणाले, आणि तिलाही ते पटलं. पानं दिली, वर नावाचा कागद दिला. चार प्रती. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसात द्यायच्या होत्या, नाहीतर वर्ष गेलं.

रत्नय्यांनी कागद वाचला आणि त्यांना वाटलं, पोरीची चूक झाली. नवीन नवीन लग्न, जुन्या नावाची सवय, होतं असं. त्यांनी प्रेमाने चूक सुधारली! आतलं पहिलं पान नवीन छापलं आणि कव्हरवर सोनेरी ठसा मारला. आत काय लिहिलंय ते वाचायची सोय नव्हती, स्पॅनिश त्या दुकानात कोण वाचणार? पण विचारता तर आलं असतं. तोंड होतं, सून हाताच्या अंतरावर होती.

"मामय्या, हे माझं नाव नाही," हैमवती सासऱ्यांना म्हणाली.

रत्नय्या हसले. म्हणाले, नाही कसं, मंडपात सगळ्यांसमोर झालंय की. ऑफिसात नाव बदलायचा अर्ज टाकायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, कधीतरी करायचंच आहे ते. तिने मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, नाव हॉल तिकिटाशी जुळायला हवं खरं, पण अर्ज जोडलास तर मी बोलून बघते, उगाच नव्या घरात वाद कशाला, घे जमवून. वर्षभर ज्या बाईने तिच्याकडून बायकांच्या नावांवर लिहून घेतलं, ती बाई हे बोलली. फणींद्र दाराशी उभा होता. तो रस्त्यावरच्या रिक्षा बघत होता. त्याचा तर तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"तू बोल ना काहीतरी," ती त्याला म्हणाली.

"नावाचंच तर आहे," तो म्हणाला.

सासू अनसूयम्मा आतल्या बाजूला पानं जुळवत बसल्या होत्या. हैमवती त्यांच्याकडे वळली आणि रागाने म्हणाली, "अत्तम्मा, तुमचं नाव गेलं तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"बोदपाटी," अनसूयम्मा मान वर न करता म्हणाल्या. "बोदपाटी अनसूया. रडले की दोन दिवस. मग काय झालं? तूही रडशील आणि गप्प बसशील."

हैमवती रडली नाही. तिने टेबलावरची पानं कापायची सुरी उचलली आणि चारही प्रती कव्हरापासून कराकरा कापून काढल्या. रत्नय्या ओरडले, वेड लागलंय का तुला. तिने सासऱ्यांनी छापलेली पहिली पानं फाडून टाकली, बाकीचा गठ्ठा छातीशी धरला आणि रस्ता ओलांडून सरळ यादगिरीच्या बायंडिंगच्या दुकानात गेली. यादगिरी म्हणजे रत्नय्यांचा जन्माचा वैरी. त्याने नवीन पान छापून दिलं, प्लास्टिकची स्पायरल घालून दिली आणि वर दात काढून विचारलं, काय, तुम्मलांच्या सुनेला आमच्याकडे यावं लागलं? तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऑफिसात मॅडम म्हणाल्या, काळं रेक्झिन नाही, पाच गुण कापले जातील. कापा, हैमवती म्हणाली. पसुपुलेटी हैमवती पास झाली, पाच गुण कमी घेऊन.

ती गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण रत्नय्या कसले ऐकतात! त्यांनी एक कव्हर परत चिकटवून काचेच्या कपाटात नमुना म्हणून उभं केलं. आमच्या बायंडिंगचा ठसा बघा म्हणायचे, आणि ही आमची सून, स्पॅनिशमध्ये पदवी. गिऱ्हाइकं कौतुकाने माना डोलवायची. हैमवती रोज डबा घेऊन यायची, ते बघायची आणि दातओठ खात परत जायची. फणींद्रला सांगून झालं. तो म्हणाला, राहू दे ना, त्यांची हौस आहे.

एका दुपारी पोराला घेऊन एक बाप आला होता. कव्हर बघून त्याने विचारलं, सूनबाईंनी लिहिलंय होय? रत्नय्या म्हणाले, मग! आमच्या घरचीच, तुम्मला हैमवती.

डबा ठेवता ठेवता हैमवती म्हणाली, "मामय्या, त्यांना आत बघू द्या की."

 कपाटाची किल्ली रत्नय्यांच्या खिशातच होती, पण हात काही खिशाकडे जाईना. तेव्हा अनसूयम्मा मागून उठल्या, नवऱ्याच्या खिशातली किल्ली स्वतः काढून घेतली, कपाट उघडलं आणि कव्हर त्या माणसाच्या हातात दिलं. त्याने उघडलं. आत कोरे कागद.

"हिने काही लिहिलेलंच नाही," त्याने चकित होऊन विचारलं, "मग ही कोण?"

"कुणी नाही," अनसूयम्मा म्हणाल्या. "अशी कुणी बाई नाही."