बांबू जळला की नाही

“जाळलं नाही म्हणतेस, मंग काळं काहून झालं?”

“आबाजी, डब्यात हवाच नव्हती. हवा नाही तं आग कशी लागणार?”

“धूर तं निघाला ना? म्या पाह्यला.”

“निघाला. पर वो जलना नहीं है, आबाजी.”

डोमाजी ओट्यावर बसले. धूर आहे, आग नाही. कोळसा आहे, जाळलं नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती, हीच अडचण होती.

राजेगावात त्यांची शेती होती, पण लोक ओळखत ते धानाच्या ढोल्यांमुळे. माणूस आत मावेल एवढी बांबूची कणगी त्यांच्यासारखी कोणी विणत नसे. आणि बांबू त्यांनी जन्मात कधी जाळला नव्हता. बांबू जाळला की वंश जळतो, असं बाप सांगून गेलेला. थंडीनं दात वाजले तरी शेकोटीत कामटी पडू देत नसत; छिलपं बांधावर कुजायला टाकत. त्यात नातसून रूपालीला सातवा लागलेला. मागच्या खेपेला पोटातलं टिकलं नव्हतं.

आणि श्रुतिका, बालाघाटला रसायनशास्त्र शिकणारी नात, सुट्टीला आली ती बांबू मागत. कॉलेजात ढोली करून दाखवणार असेल, असं समजून त्यांनीच कौतुकानं पक्का बांबू तोडून दिला. तिनं त्याचे तुकडे डब्यात भरले, झाकणाला बारीक भोक ठेवलं आणि डबा परसातल्या चुलीवर चढवला. हाच कोळसा कॉलेजच्या भट्टीत आणखी तापवला की मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीत घालता येतो, असं तिचं म्हणणं. नेहमीच्या बॅटरीतल्या कोळशाची वीण घट्ट असते, सोडियमचा कण मोठा, तो तिच्यात शिरत नाही. बांबूच्या कोळशात वीण विस्कटलेली, म्हणून जागा सापडते.

“विस्कटलेली वीण माही नाही,” डोमाजी म्हणाले. “माह्या ढोलीतून मुंगी नाही जात.”

श्रुतिकाला हसू आलं, पण दारात रूपाली उभी होती. या वादात ती पहिल्यांदाच बोलली.

“ताई, आणखी बांबू कधी चढवणार?”

“आबाजी तोडून देतील तेव्हा.”

रूपालीनं पोटावर हात ठेवला आणि म्हाताऱ्याकडे पाहत राहिली. हो म्हणावं की नाही, हे त्या नजरेतून कळेना. श्रुतिकानं एक काळा तुकडा आजोबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नखानं वाजवला. काचेसारखा टणकन वाजला. पेर जिथल्या तिथं होतं, धागे सरळ होते. बांबूच होता तो, नुसता काळा. राखेत असं पेर राहतं का? आणि जळला नसेल, तर एवढा हलका कसा?

“तुमीच सांगा, आबाजी,” रूपाली म्हणाली. “हे जळलं, की नाही जळलं?”

डोमाजींचा हात भिंतीला टेकलेल्या, बांबू तोडायच्या कोयत्याकडे गेला आणि मधेच थांबला. तुकडा त्यांनी गमछ्याच्या पदरात बांधला, पायात चपला सरकवल्या आणि कोयता तिथंच ठेवून ते अंगणाबाहेर, बांबूच्या बेटाकडे चालू लागले.