उंदरांचा वैरी

आमच्या मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याने लढवय्ये पुष्कळ पाहिले असतील. पण रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून केवळ उंदरांशी लढायला बाहेर पडणारा वीर त्याच्या वाट्याला एकच आला, तो म्हणजे माझा मामा. किल्ल्यात तटाआड जी थोडी घरं नांदतात, त्यांतलं एक त्याचं. होड्या भरभरून पर्यटक यायला लागले, तसे वेफर आणि पाव खाऊन तिथले उंदीर असे माजले की मांजरं त्यांना वाट देऊ लागली. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद झाल्या की ही लाडावलेली मंडळी थेट मामाच्या तांदळात उतरत. एका आषाढात त्यांनी त्याची कवळी पळवली आणि मामाने युद्ध पुकारलं. पावसाळा सरताच किल्ल्याच्या दरवाजात उभा राहून तो पर्यटकांच्या पिशव्या तपासू लागला. त्यांच्याशी तो कचेरीतलं मराठी बोले. "आपण पाव टाकता, आणि इथे उंदरांकडे बारसं होतं!" एकाने अर्धं बिस्कीट टाकलं, तर मामा ते उचलून त्याच्याबरोबर होडीत बसला आणि मालवणच्या धक्क्यावर त्याच्या हातात देऊनच परतला.

मामीचं मात्र शत्रूशी संधान होतं. रोज दुपारी ती मागल्या दारी उष्टं टाकी. आधी कावळे जेवत, मग उंदीर. मामाने लावलेल्या सापळ्याचं दारही ती येता-जाता उघडून ठेवी. "गो, मी मारतंय आणि तू पोसतस!" तो ओरडे. "तेंका काय पोट नाय?" एवढंच ती म्हणे.

मामी अचानक गेली. मामा रडला नाही. त्याने सगळा राग उंदरांवर काढला. घरोघरी झाकणाच्या बादल्या वाटल्या, सगळं खरकटं होडीने मालवणला धाडायला लावलं. वर्षभरात किल्ल्यात शीत सापडेना. उंदीर रोडावले, मग दिसेनासे झाले. मामा ताठ मानेने फिरू लागला. त्याच सुमारास कावळेही मासळीबाजारात राहायला गेले, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ते कळलं पितृपक्षातल्या अविधवा नवमीला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर असं मामीचं पान आम्ही तटावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं? मामा का का करून दमला. आभाळात एक पंख नाही. "होडी घे आणि बाजारातसून एक कावळो घेवन ये," तो मला म्हणाला, आणि मला हसू आवरेना. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू विरलं. मामी रुसली आहे, अशी त्याची खात्री झाली होती. तो पानासमोर हात जोडून एकेक कबूल करू लागला. कोंबड्यांचं खुराडं नीट करतो. तुझ्या माहेरी जाऊन येतो. काही होईना. शेवटी म्हणाला, "बरा गो. उद्यापासून उष्टा मागल्या दारी टाकतंय."

तटाच्या भेगेतून एक उंदीर आला. म्हातारा, बरगड्या निघालेला. मी काठी उचलली. मामाने माझा हात धरला.

"रव रे. तुझ्या मामीच्या हातचा खावन वाढललो आसा तो."

उंदराने वडा ओढत नेला. मामाने डोळे पुसले, पानाला नमस्कार केला. "चल, जेवक बसया," म्हणाला.

कावळा शिवला का, असं मालवणात कोणी विचारलं की आम्ही दोघंही हो म्हणत आलो.