एका नाकाचे अकरा रिपोर्ट

लोकांच्या नाकात काडी घालण्याचं काम मी पनवेलमध्ये दोन वर्षं केलं. त्या दोन वर्षांत माणसाच्या अकलेबद्दलचं माझं मत जे खाली गेलं, ते अजून वर आलेलं नाही.

आमची लॅब जुन्या पनवेलमध्ये, एका पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत होती. साथीच्या आधी मी तिथे रक्त, लघवी, थुंकी असले सभ्य नमुने तपासत असे. साथ आली आणि मला पांढरं किट चढवून, बर्फाची पेटी खांद्याला लावून दारोदार पाठवायला सुरुवात झाली. नाकातून आणि घशातून काडी फिरवायची, ती गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकायची, नळीवर नाव लिहायचं आणि संध्याकाळी पेटी मोठ्या लॅबला रवाना करायची. तिथून मशीनचा निकाल आला की आम्ही तो लोकांना कळवायचो. काम एवढंच होतं. शहाणपण शिकवणं त्यात नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणीच.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीचंच बघा. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, बोलताना नाकाने कांदे सोलणारे. त्यांनी ठराव केला की मी लिफ्ट वापरायची नाही, चार मजले जिन्याने चढायचं. दुधाच्या पिशव्या ते ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवत आणि मग खाली कट्ट्यावर सहा जणांत बसून, मास्क हनुवटीला लावून, विषाणूवर व्याख्यान देत. त्यांनाच ताप आला तेव्हा चारही मजले स्वतः चढून माझ्या दाराशी आले आणि कुजबुजले, "घरीच काडी घालता का? कुणाला कळू देऊ नका." मी त्यांच्या नाकात काडी घातली, जरा जास्तच आत.

लोकांना तपासणी नकोच असायची. त्यांना रिपोर्ट हवा असायचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तसा निगेटिव्हचा दाखला. तेव्हा लग्नाला मोजकीच माणसं आणि प्रत्येकाचा रिपोर्ट असा नियम होता, त्यामुळे लग्नाच्या मोसमात आमची पेटी नवरदेवांच्या नाकांनीच भरायची.

त्यातलंच एक घर चिरनेरच्या वाटेवरच्या गावातलं. भातशेती आणि मिठागरं विकून तीनमजली बंगला बांधलेला, पुढे सिंहांची जोडी, मागे शर्यतीच्या बैलांचा गोठा. मुलाचं लग्न होतं. अकरा जणांचे नमुने घ्यायचे होते. मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता, ते माझं सहावं घर होतं आणि किटच्या आत मी घामाने निथळत होते.

ओट्यावर एक म्हातारी धवलारीण बसली होती. आमच्या भागात हळदीला आणि लग्नाला धवले गाणारी बाई लागते. ती गाणी म्हणते, घाणा, हळद, मांडव, सगळ्याचा क्रम तीच सांगते, भटजी नसला तरी चालेल पण तिच्यावाचून पान हलत नाही. ही सत्तरीला टेकलेली, नाकात मोठी फुली, आवाज असा की नुसतं "पानी द्या गो" म्हणाली तरी गोठ्यातला बैल मान वळवायचा. हळदीचं ठरवायला आली होती.

नवऱ्या मुलाचा बाप, ज्याला सगळे शेठ म्हणत, मास्कशिवाय पुढे आला आणि खोकला.

"खोकला कधीपासून आहे?" मी विचारलं.

"यो एसीचा हाय, म्याडम. काय नाय."

फॉर्मवर लक्षणांचा रकाना होता. मी तिथे 'नाहीत' लिहिलं. अकराही फॉर्मांवर एका दमात 'नाहीत' लिहून टाकलं, कारण प्रत्येकाला विचारत बसायचं तर माझं चक्कर येऊन पडणं ठरलेलं होतं.

मग शेठ म्हणाला, "बायका लाजतान. काड्या आनि नल्या द्या, आत जाऊन करतान. मोबाईलवर बघितलाय आमी."

हे चालत नाही. काडी मीच घालायची, माझ्या डोळ्यांसमोर. मी तोंड उघडलं, आणि मग मनात आलं, घाला खड्ड्यात. कुणाला शिकवायचं? सिंहांची जोडी ठेवणाऱ्यांना? मरू देत मेले. मी अकरा काड्या आणि अकरा नळ्या त्याच्या हातात दिल्या आणि ओट्याच्या सावलीत बसले.

तेवढ्यात ती म्हातारी स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसली. तिला कुणी तपासणी करा म्हटलं नव्हतं. मान मागे टाकून म्हणाली, "माजा पन घे, बाय. मी धा घरी जाते. लोकांच्या पोरांच्या तोंडाशी गाते. मना समजला पायजे."

त्या दोन वर्षांत असं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. डॉक्टरांच्याही नाही. मी बारावी नळी काढली. काडी आत गेली तेव्हा तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. नंतर नाक पुसत तिने विचारलं, "ह्या काडीतून सगला कलतं?"

याचं खरं उत्तर लांब होतं. आज, आत्ता, तुमच्या नाकात विषाणू सापडतो का, एवढंच कळतं. परवा लागण झाली असेल तर आज सापडणारही नाही. आणि उद्या कुणी तोंडावर खोकलं तर या काडीचा काडीइतकाही उपयोग नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "कळतं."

आतून शेठचा धाकटा भाऊ ट्रेमध्ये नळ्या घेऊन आला. शर्यतीचे बैल पाळणारा, दारात मावणार नाही असा गडी. त्याचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं, दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि एका हातात ओला झालेला पंचा होता. त्याच्या मागे उभ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला काय समजायचं ते समजलं. मी नळ्यांवर अकरा नावं लिहिली, नवरदेवाचं, त्याच्या आईचं, त्याच्या आत्यांचं, आणि पेटीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह. मशीन प्रत्येक नमुन्यापुढे एक आकडा देतं, विषाणू जितका जास्त तितका तो आकडा लहान. या अकरा जणांचे आकडे होते एकोणीस, एकोणीस, वीस, एकोणीस, असेच शेवटपर्यंत. मोठ्या लॅबवाल्याने मला फोनवर विचारलं, "हे काय, जुळी भावंडं आहेत का सगळी?" मी हसले. खरंच पोट धरून हसले. घरातला सगळ्यात धडधाकट माणूस शोधून काढला, ज्याला जन्मात साधी शिंक आली नाही असा, त्याच्या नाकात अकरा वेळा काड्या घातल्या, आणि विषाणू नेमका त्याच्याच नाकात ठाण मांडून बसलेला. बाराव्या नळीचा, म्हातारीचा, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह होता.

मी शेठला फोन केला. वाटलं, आता तरी गाळण उडेल. तो उलट खुशीतच म्हणाला, "म्याडम, तुमाला खरा सांगतो. त्या सगल्या काड्या आमच्या धाकल्याच्याच. म्हंजे त्यो एकटाच आजारी हाय. आमी धा जन मोकले!"

दहा जणांची तपासणीच झाली नाही, म्हणजे दहा जण निरोगी. असलं गणित मांडायला शाळेत किती वर्षं काढावी लागतात कोण जाणे. एकाच ताटात मासळी ओरपणारं घर ते. भावाच्या नाकात एवढा विषाणू असताना बाकीच्यांच्या नाकात काय मोगरा फुलला होता? आणि शेठ स्वतः फोनवरसुद्धा खोकत होता. मी त्याला म्हणायला हवं होतं की मी उद्या येते, दहाही जणांच्या नाकात काडी मी स्वतः घालणार, तोवर हळद थांबवा. पण ते म्हणायचं तर आमच्या लॅबच्या डॉक्टरांना आधी सांगावं लागलं असतं की मी नळ्या हातात देऊन सावलीत बसले होते.

"तुमची मर्जी," मी म्हटलं.

"आनि धवलारीन निगेटिव हाय ना? बस झाला!" म्हणून त्याने फोन ठेवला.

बंगल्याच्या फाटकावर घरात थांबण्याचा कागद चिकटला. त्यांनी त्यावरही तोड काढली. बैलवाल्या भावाला बंगल्यात कोंडलं आणि हळद नेरे गावाकडे डोंगराखाली एका नातेवाइकाच्या फार्महाऊसवर हलवली. मला हे कळलं ते नवरदेवाच्या बहिणीच्या मोबाईल स्टेटसवरून. तपासणीसाठी तिचा नंबर मी सेव्ह केला होता. बाहेर मोकळ्या शेतात डीजे आणि पुरुष. आत काचा लावलेल्या हॉलमध्ये एसी चालू, पाटावर नवरदेव, त्याला खेटून बसलेल्या वीसेक बायका, आणि मधोमध ती म्हातारी, मान वर करून गात होती. प्रत्येक ओळीआधी ती छाती भरून श्वास घेत होती. शेठ तिच्या कानाशी वाकून काहीतरी फर्माईश करत होता. मग तो तोंडावर हात धरून खोकला आणि त्याच हाताने त्याने पोराच्या गालाला हळद फासली. मी ते तीनदा बघितलं.

विषाणूला स्वतःचे पाय नसतात. माणसं त्याला उचलून नेतात, चांगली बंद खोली बघून तिथे बसवतात आणि वर एसी लावून देतात. पाचव्या दिवसापासून त्या हॉलमधल्या बायका एकेक करून आमच्याकडे यायला लागल्या. बाहेर मोकळ्यावर नाचलेले पुरुष फारसे आले नाहीत. हे बघून शाळेतल्या पोरालाही कळलं असतं की काय झालं. गावाला मात्र निराळंच कळलं. अकरा काड्यांची गंमत तोवर शेठने स्वतःच गावभर सांगितली होती, आणि तीच आता त्याच्या कामी आली. आजारी होता तो भाऊ बंगल्यात कोंडलेला, आम्ही बाकीचे साफ, मग हळदीत रोग आणला कुणी? त्याच आठवड्यात आणखी दोन गावांत गाऊन आलेल्या धवलारणीने. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ते हेच.

ती म्हातारी सरकारी दवाखान्यात तीन आठवडे ऑक्सिजनवर होती. वाचली. शेठ खोकल्याचं औषध पिऊन बरा झाला.

पावसाळा संपता संपता ती आमच्या लॅबमध्ये आली. चौदा पायऱ्या आहेत. काचेतून मला ती चढताना दिसत होती. तीनदा थांबली. वर आली तेव्हा मी स्टूल दिलं. बोलायच्या आधी तिने बराच वेळ नुसता श्वास घेतला.

"माजा रिपोट परत दे, बाय. पयला. चांगला आलेला तो."

मी तो छापून, शिक्का मारून दिला. तिने तो उलटसुलट केला. "यावर लिवलंय का, मी रोग नाय आनला म्हनून?"

"नाही, मावशी. त्या दिवशी तुमच्यात नव्हता, एवढंच लिहिलंय. मधे चार दिवस गेले ना."

"मंग शेठच्या फारमावर काय लिवलंय? त्यो खोकत व्हता. तू बसलेली व्हतीस तवा. माज्या कानाशी खोकला त्यो."

शेठचा फॉर्म माझ्या मागच्या कपाटात होता. लक्षणे: नाहीत. अक्षर माझंच होतं.

"तू बोललीस, काडीतून सगला कलतं," ती म्हणाली. "आथा मना कोन गायला बोलवत नाय. बाया दार लावून घेतान. आवाज तर गेलाच, तो जाव दे. पन लोक बोलतान, हिने मारली चार घरा. तू येशील गावात? येवराच सांग चार मानसांना, का शेठ आधीच खोकत व्हता. तुजा ऐकतील."

ऐकलं असतं. पांढऱ्या कोटातल्या बाईचं गाव ऐकतं. इतके दिवस मी ज्यांना मूर्ख म्हणत आले, त्यातल्या कुणीही माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. आणि मी तिला काय म्हणाले?

"रजा मिळत नाही, मावशी."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने, काडीच्या वेळी ठेवला होता तसाच. रिपोर्टाची घडी करून तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी कमरेला खोचली आणि कठड्याला धरून उतरायला लागली. उतरतानाही दोनदा थांबली.

त्या महिन्यात माझ्या सहा रजा शिल्लक होत्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्या सगळ्या घरी झोपून संपवल्या.