गुल्लूचा सौदा

आमच्या घरातला डायनासोर मी विकला. दोन पोती सरकी मिळाली. भाव वाईट नव्हता, असं माझे सासरे आजही म्हणतात.

डायनासोर खरा नव्हता. (खऱ्या जनावरांना आमच्या घरात बंदीच आहे, आणि ती मीच घातलेली आहे.) माझी लेक रेवा दिवाळीत पुण्याला आत्याकडे गेली आणि तिथून एक खेळ शिकून आली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा. आई कुत्रा पाळू देत नाही म्हणून पोरीनं त्या गोष्टीत गुल्लू नावाचा डायनासोर पाळला. कोंबडीएवढा, हिरवा, पाठीवर पिवळे ठिपके आणि हात इतके आखूड की स्वतःचं नाकही पुसता येत नाही. लढाईत उपयोग शून्य! शत्रू दिसला की शेपूट हलवत त्यालाच चाटायला जायचा. अंगात गुण एकच. जवळपास कोणी खोटं बोललं की गुल्लूला शिंक यायची.

आणि त्याच्या वतीनं शिंकायची रेवा.

"मी मुळीच चिडलेली नाही," असं मी म्हणावं, की बाजूला "आऽऽक्छी!" शेजारच्या वंदनाताईंना फोनवर "अहो, तुमच्याकडेच निघाले होते," म्हणावं, की "आऽऽक्छी!" शेवटी वंदनाताईच म्हणाल्या, "पोरीले ओव्याचा शेक द्या हो, लय शिंकून राह्यली."

गोष्ट सांगायचं काम आबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. आबांनी जन्मभर मलकापूरकडच्या बैलबाजारांत दलाली केली. त्यामुळे गोष्ट राजवाड्यात सुरू होवो नाहीतर ढगात, शेवटी ती बाजारातच पोचायची. राक्षस यायचा, पण बैलजोडी घेऊन! गुल्लू अंड्यातून बाहेर आला तेव्हा आबांनी सगळ्यात आधी त्याचे दात पाहिले. मला जबरदस्तीनं जादूगारीण केलं होतं. माझ्याकडे मंत्र एकच, "लवकर संपवा." तो कधी चालला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी उडदाचं पापडाचं पीठ मळून ठेवलं. वंदनाताई लाटायला येणार होत्या. बाहेर ऊन असं की पीठ बघता बघता सुकावं, आणि जेवणाच्या टेबलावर नकाशे, फासे आणि खडूनं काढलेली एक नदी! मी रेवाला पोळपाट आणायला वंदनाताईंकडे पिटाळलं आणि आबांना म्हटलं, "आबा, आटपा आता."

"असं कसं आटपू? रेवा येईस्तोर गुल्लू तुह्या हवाली हाय. त्याचं काय करतं ते सांग पहिले."

"विकून टाका!"

आबांचे डोळे चकाकले. "इकू? खरंच?"

"विका हो!"

फासा पडला. आबांनी दणदणीत टाळी वाजवली. "पटलं! दोन पोते सरकी. गेलं जनावर!"

मी नदी पुसली आणि टेबलावर प्लॅस्टिक अंथरलं. एवढ्यात रेवा पोळपाट घेऊन आली.

"आई, गुल्लू कुठं गेला?"

"पळून गेला असेल," मी पिठातून मान वर न करता म्हटलं.

सगळे थांबलो. शिंक आली नाही. कशी येणार? शिंकणारा मीच विकला होता.

रेवानं आबांकडे पाहिलं. आबा दलाल असले तरी थापाडे नाहीत. "तुह्या मायनं इकला," ते म्हणाले. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. "आबा, आईले म्हणा मीठ द्या." मीठ माझ्या हाताशी, मी तिच्यासमोर आणि निरोप आबांमार्फत! नवऱ्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "पण तू त्याले इकला काऊन? काही खात होता का तुह्यं?"

दोन दिवसांत मी हात टेकले. "आबा, आणा त्याला परत. गोष्टच तर आहे!"

आबा दुखावले. "टाळी पडली, सौदा झाला. आता मोडला तं बाजारात माह्यी काय इज्जत राह्यते?"

"बाजार तुमच्या डोक्यात आहे, आबा!"

"मंग? तिथंच तं जपा लागते."

उपाय एकच होता, व्यापाऱ्याकडून गुल्लू परत विकत घ्यायचा. आणि तोही रीतसर! बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "सुनेचा हात मले धरता येत नाही. व्यापाऱ्याकून रेवा बसन." रेवा तोंड फिरवून बसली. बोलायचं नव्हतंच, त्यामुळे तिला चाललं.

दुपट्ट्याखाली तिचा हात सापडला. आंबा खाऊन चिकट झालेला. दोन दिवसांत तिनं मला पहिल्यांदा हात लावू दिला होता. मी एक बोट दाबलं. तिनं हात झटकला. दोन दाबली, पुन्हा झटका. तीन दाबली. आता तिनं माझी चारही बोटं मुठीत धरली आणि सोडेचना. त्या क्षणी तिनं घर मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

"कबूल!" मी ओरडले.

"पटलं!" आबांची टाळी पडली.

"पण चार म्हणजे चार काय?"

आजोबा-नातीनं एकमेकांकडे पाहिलं. आबा हळहळले. "सूनबाई, ते पहिले ठरवा लागते! शंभर का हजार, हे न इचारता कोणी बोट दाबते का?"

रेवा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "आठवड्यातले चार दिवस. तू पण खेळायचं. अन् 'लवकर संपवा' म्हणायचं नाही."

टाळी पडली होती. सौदा झाला होता.

तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस टेबल माझं नाही. राहिलेले पापड मी जमिनीवर बसून लाटले, गुडघे अजून बोलतात. गुल्लूसाठी मी एक इवलासा रुमाल शिवला आहे. (चिंधी उरली होती म्हणून. उगाच कोणी अर्थ काढू नये.) बाकी माझं मत बदललेलं नाही. हा खेळ म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे आणि त्या हिरव्या प्राण्याचा मला काडीचाही लळा नाही.

एवढं लिहिलं आणि जोरात शिंक आली. रेवा शाळेत आहे, आबा झोपलेत. माझीच होती!