भिंतीवरून गेलेली प्रार्थना

२०२२ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि शेजाऱ्याशी बोलत नव्हतो.

शेजारी म्हणजे माझा लहानपणचा सोबती. आम्ही दोघांनी मिळून गुरं राखली आणि एकाच दिवशी शाळा सोडली. तो पहिलीतून, मी दुसरीतून. म्हणजे शिक्षण माझंच जास्त. भांडण झालं शेवग्यावरून. झाड त्याच्या अंगणात, फांदी माझ्या. मी शेंगा तोडल्या.

तो म्हणला, "बूड माझ्याकडं हाय."

मी म्हणलो, "शेंगा बुडाला लागत न्हाईत."

झालं, बोलणं बंद. पण मला त्याच्यावाचून करमेना. संध्याकाळी तंबाखू मळायला बसलो की दुसरी चिमूट कुणाच्या हातावर ठेवायची, हेच कळायचं नाही. तरी आधी बोलायचं कुणी? मी तर नाही.

रविवारी चर्चमध्ये आमचे पाळकसाहेब म्हणले, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा, मागत राहा, थकू नका. हे मला लय पटलं. देवापुढं गुडघे टेकायला मला कधी लाज वाटली नाही. शेजाऱ्यापुढं वाटते. मग रोज पहाटे अंगणात, दोन्ही घरांमधल्या भिंतीला लागून, माझं सुरू: "हे प्रभू येशू, माझ्या शेजाऱ्याचं मन दगडाचं हाय, ते मेणाचं कर! त्याला अक्कल दे!"

बायको म्हणायची, "आवो, हळू बोललं तरी देवाला ऐकू येतं."

"देव लांब हाय."

"देव लांब न्हाई, शेजारी जवळ हाय."

पलीकडून उत्तर यायचं. मला नाही, त्याच्या मारुतीला: "बजरंगबली, ह्या माणसाचं तोंड एकदा बंद कर बाबा!"

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दोघांनीही सोडलं नाही. एका थंडीच्या पहाटे मला गोधडीतून निघवेना. पण मनात आलं, आपण गप बसलो आणि त्याचं मागणं चालूच राहिलं तर? उठलो.

मग तुरीची मळणी आली. दिवसभर यंत्राचा धुरळा नाकातोंडात, वर गारठा. दुसऱ्या पहाटे तोंड उघडलं तर नुसती हवा. बायकोनं बाहेर जाऊ दिलं नाही. पडल्या पडल्या मनातच म्हणलो, प्रभू, मला माझा सोबती परत पाहिजे. तेवढंच. दगड, मेण, अक्कल, काही आठवलं नाही.

उजाडायच्या आत दार वाजलं. बाहेर शेजारी, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

"काय झालं रे? आज आवाज न्हाई आला."

मी तोंड हलवलं.

"अजून राग हाय व्हय? बोल की!"

बायको म्हणली, "भाऊजी, घसा बसलाय त्यांचा. एक शब्द फुटंना."

तो उंबऱ्यावरच बसला. "वैनी, हे मी मागितलं होतं मारुतीला. पण इतकं न्हाई हो मागितलं!"

बायको हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसलो, पण आवाजच नाही. त्याला वाटलं मी रडायलोय, म्हणून तो खरंच रडला.

मग घरी जाऊन अद्रक, गूळ आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन आला. काढा उकळेपर्यंत मी तंबाखू मळली आणि दुसरी चिमूट त्याच्या हातावर ठेवली.

"आता उद्या मला उठवणार कोण?" तो म्हणला. "म्हशीलाबी सवय लागलीय. तू आमेन म्हणल्याबिगर पान्हवत न्हाई."

कुणाचं मागणं ऐकलं गेलं, हा वाद आमच्यात अजून चालू आहे. तो म्हणतो, मारुतीनं ऐकलं, तोंड बंद झालं. मी म्हणतो, तोंड माझं बंद झालं, पण दार कुणाला ठोठावावं लागलं?

दुसऱ्या दिवशी पहाटे घसा बसलेलाच होता. मी ताट आणि उलथनं घेऊन भिंतीशी गेलो, पलीकडं दिवा लागेपर्यंत वाजवत राहिलो आणि मग गुडघे टेकले.