मेव्हण्याचं जॅकेट

माझ्या मेव्हण्याइतका स्वतःच्या दंडांचा आदर करणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा. दार चांगलं रुंद होतं, पण स्वतःविषयीचा त्याचा अंदाज त्याहून रुंद होता. जिममधल्या सोबत्याकडून येणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांना सासूबाई ‘ताकदीची सुई’ म्हणत आणि देवघराच्या कपाटात उदबत्त्यांशेजारी ठेवू देत.

पुढं पाठीवर पुटकुळ्या उठल्या, छाती दुखू लागली आणि बायकांसारखी वाढू लागली. मेव्हण्यानं भर मे महिन्यात जॅकेट चढवलं. “थंडी वाजती,” असं घाम पुसत सांगायचा. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्यानं सुईच्या त्रासावर एक गोळी शोधली, मग त्या गोळीच्या त्रासावर दुसरी. गडहिंग्लजला एका साखरपुड्यात पेढा खाता खाता तो रडू लागला. कारण विचारलं तर म्हणाला, “पेढा चांगला हाय, दाजी.”

त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बायकोच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या, तेव्हा तो माझ्याकडं आला. “डॉक्टरकडं चला की माझ्यासंगं.”

दवाखान्यात त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. “ह्यास्नी तरास हाय. लई वर्षं स्टेरॉइड घेत्यात.”

डॉक्टरबाईंनी माझ्या बावन्न किलोंकडं शांतपणे पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, “जॅकेट काढा.”

तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं, “बाहेरून हार्मोन मिळतंय म्हणून शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलंय. सुया बंद. आणि आता मनानं एकही गोळी घ्यायची नाही.”

“पोर व्हईल न्हवं?” तो खाली बघत म्हणाला.

“बऱ्याच जणांचं सुधारतं. पण महिने लागतात. आज खात्री देत नाही.”

ते महिने वाईट गेले. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. बायको कामावरून आली की शेजारी बसायची. एकदा तर तिनंच डॉक्टरबाईंना फोन करून त्याला परत दवाखान्यात नेलं. हळूहळू रिपोर्टातले आकडे वर सरकले, वजन मात्र अठरा किलो उतरलं. छातीची वाढ थोडी राहिली आहे. मूल अजून नाही.

परवा त्याच्या घरी गेलो, तेव्हा भिंतीवर त्याचा स्पर्धेतला जुना फोटो दिसला, तेलानं चमकणारा. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“हुता एक पावणा आमच्यात,” तो म्हणाला. “लई खायाचा.”

मग उठून त्यानं वाकडा झालेला फोटो सरळ केला आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिला.