पाठून हाक

पहाटे वारा नव्हताच. ऑक्टोबरात उजाडायच्या आधी गास गावात जमिनीवरून दर्याकडे मतलई सुटते, केळीची पानं फडफडतात आणि त्या आवाजाने कॅथरिन डाबरेला जाग येते. त्या दिवशी एक पान हललं नाही. आभाळ सोनचाफ्याच्या शेंड्यांवर टेकल्यासारखं खाली आलेलं, आणि वाडीत फुलांचा वास एवढा कोंडला होता की डोकं चढावं.

कॅथरिन आकडीने फांदी खाली ओढत होती, नवरा आग्नेल फुलं खुडून टोपलीत टाकत होता. चाफा उमलायच्या आत काढावा लागतो, आणि दादरचा टेम्पो कोणासाठी थांबत नाही.

“अमावस्या हाय,” आग्नेल म्हणाला. “उधानाचं पानी. आनि वर वारा नाय.”

“मग काय करू? दर्याला सांगू, माझी स्पर्धा हाय, जरा दमानं घे?”

“त्याला नको सांगू. मला सांग, कवा येशील. जेवायचंय मला.”

“झाकून ठेवलंय. गरम करता येतं ना, का तेपन विसरलास?”

कॅथरिन पन्नाशीला टेकलेली. सकाळी फुलं, दुपारी घर आणि संध्याकाळी खाडीच्या बांधावर गळ, असा तिचा दिवस. जिताडा धरायला ती बापाच्या मांडीवर बसून शिकली. बाई असून गळ टाकते म्हणून गाव तिला ‘जिताडावाली’ म्हणतं, आणि तिला ते आवडतं. मस्कतला नर्स असलेल्या ॲनिशाने, तिच्या लेकीने, यंदा भारी रीळ पाठवलं आणि तिकडूनच आईचं नाव गळाच्या स्पर्धेत घालून टाकलं.

स्पर्धा अर्नाळ्याच्या धक्क्यावरून, दोन दिवसांची. मुंबईच्या हौशी लोकांनी भरवलेली. प्रत्येक बोटीवर एक मुरलेला गळवाला पुढे, बोट त्याची. मागे चिठ्ठी काढून ठरलेला एक नवखा, त्याला सोबती म्हणायचं. रोज नवी चिठ्ठी. बोट कुठे न्यायची ते पुढचा ठरवणार. सोबत्याने मागच्या फळीवरून गळ टाकायचा, पुढे यायचं नाही, इंजिनाला, दोराला, नांगराला हात लावायचा नाही.

मागे बसायचं म्हटल्यावर कॅथरिनला आईची आठवण झाली होती. पाण्याकडे तोंड केलेल्या माणसाला पाठून हाक मारायची नाही, असं आई सांगायची. मारलीच, तर त्याने माघारी यायचं, घरात बसून घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. कॅथरिन चर्चच्या कॉयरमध्ये गाते, आणि असलं काही मानतेस का विचारलं तर नाही म्हणते. पण आग्नेल डबा विसरून फाटकाबाहेर गेला, तर ती धावत पुढे जाते, वळते आणि समोरून डबा देते.

चिठ्ठीत तिला संग्राम आला. एव्हरशाईन सिटीत राहणारा, पस्तिशीचा, दंडावर कंपन्यांची नावं छापलेला शर्ट. गेल्या दोन स्पर्धा त्याच्या. वागायला गोड. तिची पिशवी त्यानेच उचलून बोटीत ठेवली.

“काकी, पोहता येतं ना?”

“बांधावर उभी ऱ्हाते मी. पोहायचं काम मासे करतात.”

तो मोठ्याने हसला. बाहेर पडल्यावर उकडतंय म्हणून त्याने लाईफ जॅकेट काढून पायाशी टाकलं. गळ फेकताना हात अडतो, म्हणाला.

दुपारी भरती पुरी झाली तेव्हा ते वैतरणेच्या तोंडाशी होते. पुढे कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे खुंट पाण्याबाहेर टोकं काढून उभे. ओहोटीला मोठा जिताडा अशा खुंटांच्या आडोशाला येतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. संग्रामने नांगर बोटीच्या मागून टाकला.

“पुढून टाकतात ना?” कॅथरिनने विचारलं.

“पुढून टाकला की बोटीचं तोंड फिरतं. मला खुंट समोर पाहिजेत. मी नेहमी असाच टाकतो काकी, टेन्शन नका घेऊ.”

पाणी फिरलं. आधी तेलासारखं गप्प, मग खुंटांभोवती दोऱ्या वळल्यासारखं. कॅथरिन मागच्या फळीवर, इंजिनाशेजारी. नांगराचा दोर तिच्या गुडघ्याजवळून ताणून खाली गेलेला. ओहोटी पाठीमागून येऊन फळीवर दाबत होती, आणि फळी दर लाटेला बोटभर खाली जात होती. तिने गळ आत घेतला. तिची नजर तिथून हलेना.

तेवढ्यात संग्रामची काठी वाकली. रीळ ओरडायला लागलं. त्याने पाय रोवले, तोंड दर्याकडे.

कडेवरून पाण्याची एक जीभ आत आली, तिच्या चपलेखाली शिरली. मग दुसरी, मोठी. तिने पुढे पाऊल टाकलं आणि थांबली, पुढे जायचं नव्हतं. बापाच्या होडीत असं काही झालं तर फळीवर टकटक करायचे. तिने रॉडच्या मुठीने टकटक केली.

“आवाज नको काकी, तुटेल तो,” संग्राम न वळता म्हणाला.

तिच्या घोट्याला पाणी लागलं तेव्हा तिने हाक मारली. पाठून, नाव घेऊन.

“संग्राम.”

“एक मिनिट.”

कोळंबी कापायची सुरी तिच्या हाताशी होती. तिने दोरावर ती दोनदा ओढली. दोर फटकन गेला, मागचं अंग वर उसळलं, पुढचं खाली बसलं. संग्राम गुडघ्यांवर आपटला, कठड्याला हात अडकला म्हणून राहिला. गळ तुटला. बोट खुंटांमधून घरंगळत मोकळ्या पाण्यात गेली.

तो उठून मागे आला आणि त्याने घोट्याएवढं पाणी बघितलं.

“पंप आहे की काकी,” तो म्हणाला. “उपसलं असतं. असला मासा आयुष्यात लागत नाही.”

धक्क्यावर मात्र त्याने तक्रार केली नाही. नांगर कुठे गेला असं तपासनिसाने विचारलं तेव्हा ‘अडकला होता’ एवढंच म्हणाला. कॅथरिननेच सांगितलं, दोर मी कापला. तिचं नाव बाद झालं. त्याचं तिला फार वाटलं नाही. तिचा जीव भलत्याच ठिकाणी अडकला होता.

“संग्राम, मी तुला पाठून हाक मारली. घरी चल, गास वाटेवरच हाय. पानी पी नि जा.”

त्याने हातातली बाटली तोंडाला लावली. “हे बघा, प्यायलो.”

“असं नाय बाबा. घरात, बसून.”

“उद्या येतो, ट्रॉफी घेऊन. नवा नांगर घ्यायचाय आता, तुमच्या कृपेने.”

“उद्या तिथंच जाशील?”

“मासा तिथेच आहे ना.”

तिथेच धक्क्यावर दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी निघाली. संग्रामच्या मागे जोनाथन. कॅथरिनच्याच कॉयरमध्ये गाणारा, बँकेत नोकरीला. तिने त्याला बाजूला घेतलं आणि कापडात गुंडाळलेली सुरी त्याच्या हातात दिली.

“मागून पानी आत यायला लागलं तर गप नको बसू.”

“काकी, दोराला हात लावायचा नाही, नियम आहे.”

“मी लावला. नाव गेलं, मी हाय.”

सुरी त्याने खिशात टाकली, बहुतेक तिचा मान म्हणून.

सकाळी मतलई सुटली नाही. फुलं टेम्पोत गेली. कॅथरिनने तांब्या घासला, पाणी भरलं, वर फुलपात्र उपडं घातलं आणि ओट्यावर पाट मांडला. आग्नेल एकदा त्या तांब्याकडे, एकदा तिच्याकडे बघून वाडीत गेला. दुपार कलली, भरती फिरायची वेळ झाली. ती पाट्यावर वाटण वाटत होती, मधेच हात थांबवायची. वाटेवरून मोटारसायकल गेली की मान वर करायची.

अंधारायला आलं तेव्हा फाटक वाजलं. जोनाथन. अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी कोरडा शर्ट, पँट भिजलेली. त्याने सुरी ओट्यावर ठेवली. पात्याला नायलॉनचा धागा चिकटलेला होता.

“कळंबच्या होडीवाल्यांनी घेतलं मला,” तो म्हणाला. “दोर कापला काकी. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा कापला.”

“हाक मारलीस?”

“मारली. वळले नाहीत. मासा लागला होता.”

“जॅकेट?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. “मागचं उसळलं आणि ते पुढून गेले. खुंटांच्या मधे. सगळ्या होड्या शोधतायत. अजून मिळाले नाहीत.”

आग्नेलने खुंटीवरचा टॉर्च काढला. जोनाथनने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि तांब्याला हात घातला.

“ते नको,” कॅथरिन म्हणाली. “ते दुसऱ्याचं हाय. थांब, आतून देते.”

ते दोघे कळंबला गेले. ती ओट्यावर बसून राहिली. सुरी उचलली, धागा नखाने काढला, पात्याला पदर लावला आणि परत तिथेच ठेवली. कापू नको म्हणून सांगितलं असतं तर, इथवर तिचं मन जायचं आणि जोनाथनच्या ओल्या पँटशी येऊन थांबायचं.

उजाडताना आग्नेल एकटाच आला. पोटऱ्यांपर्यंत वाळू. तिने बघितलं, त्याने मान खाली घातली. मग ओट्यावर न टेकता त्याने टोपली घेतली आणि वाडीत चालू लागला, कारण टेम्पो यायचा होता.

वारा सुटला होता. केळीची पानं फडफडत होती. आग्नेल नेहमीच्या झाडाला सोडून भलत्याच ओळीत शिरला, ते तिने मागून पाहिलं. कॅथरिनने आकडी उचलली, केळींच्या बाजूने वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली आणि म्हणाली, “हिकडं नाय, त्या झाडापासून.” मग तिने फांदी वाकवून धरली.